काशीदांच्या सलूनमधला लबाड आरसा

ऐका गं, आणि मध्ये बोलू नका. आता सांगते त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. मोठ्यानं सांगते, शेजारच्यांनाही जाऊ दे ऐकू. एक अक्षर खोटं निघालं तर माझी कवळी पडो, आणि पडो ती भरल्या पंगतीत, वाढप्याच्या आमटीत. गोष्ट अजून काही वर्षांनी घडायची आहे, एवढ्यावरून तिला खोटी म्हणाल तर तुमची अक्कल. पंचांगात पुढच्या वर्षीचं ग्रहण छापतात, तेव्हा त्यांना नाही कुणी थापाडे म्हणत.

तर कराडला लागून ओगलेवाडी आहे. एके काळी तिथे काचेचा मोठा कारखाना होता. तो गेला, पण काचेची हौस गावात राहिली असावी, कारण विलास काशीदच्या सलूनमध्ये तीन भिंतींना आरसे होते, आणि चौथ्या भिंतीत दार नसतं तर तिथेही त्यानं लावला असता. कराडात तेव्हा टोपीयंत्रं आली होती. टोपी डोक्यावर घालायची, बटण दाबायचं, तीन मिनिटांत केस कापून मोकळे. तरी माणसं विलासकडेच यायची, कारण टोपीपाशी मन मोकळं करता येत नाही. विलास खुर्चीमागे उभा राहायचा आणि समोरच्या आरशातल्या माणसाशी बोलायचा. वीस वर्षं त्यानं माणसं अशीच पाहिली होती, काचेतून. बँकेचा मॅनेजर रस्त्यात समोरून आला की विलासला चेहरा ओळखीचा वाटायचा, पण भांग भलत्याच बाजूला दिसायचा आणि तो बिचारा दोन पावलं गोंधळायचा.

त्याची थोरली लेक कस्तुरी, आठ वर्षांची. जन्मताना तिला श्वास घ्यायला उशीर झाला आणि मेंदूच्या डाव्या बाजूला थोडा मार बसला. डॉक्टर त्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात, घरात नुसतं सीपी म्हणायचे. डावी बाजू मेंदूची, पण भोगायचं उजव्या अंगाला, अशी देवाची उलटी वायरिंग. उजवा हात कोपरात वाकलेला, मनगट आत वळलेलं, अंगठा मुठीत कोंडलेला. पाय जरा ओढत चालायची, पण चालायची झपाझप. आणि जीभ तर विलासच्या कात्रीपेक्षा धारदार. शाळा सुटली की सलूनमधल्या तिसऱ्या खुर्चीत बसून अभ्यास कमी आणि गिऱ्हाइकांची फिरकी घेणं जास्त.

कस्तुरीला भाऊ झाला, तेव्हा तीन दिवसांच्या त्या लालबुंद गोळ्याकडे बघून तिनं जाहीर केलं, की ह्याचं जावळ पप्पा काढतील तेव्हा ह्याचं डोकं मी धरणार.

आता जावळ म्हणजे बाळाचे पहिले केस. मामाच्या मांडीवर बसवून काढतात. विलास दुसऱ्यांच्या लेकरांची जावळं वस्तऱ्यानं काढायचा, आणि अख्ख्या पंचक्रोशीत त्याच्या हातून कधी टाळूला ओरखडा गेला नव्हता. पण तो नेहमी सांगायचा, की वस्तऱ्याच्या हातात काही नसतं, सगळं धरणाऱ्याच्या हातात असतं. बाळाचं डोकं दोन्ही तळव्यांत धरावं लागतं, कानापासून कानापर्यंत. एकाच तळव्यानं धरलं तर बाळ दुसऱ्या बाजूला मान टाकतं, आणि तिथे वस्तरा असतो. हे कस्तुरीनं हजारदा ऐकलं होतं. म्हणूनच तिला तो मान हवा होता. जावळ अकराव्या महिन्यात ठरलं. तिला कुणी नाही म्हणालं नाही. विसरेल, असं सगळ्यांनी मनाशी धरलं. कस्तुरी आणि विसरेल, असं म्हणणाऱ्यांनी तिला ओळखलंच नव्हतं.

बाळ आठ महिन्यांचं असताना तो आरसा आला. आणणाऱ्या डॉक्टर मुजावर, कराडच्या फिजिओथेरपिस्ट. त्यांनी विलासला आणि त्याची बायको स्नेहलला समोर बसवून सगळं समजावलं. हात बिघडलेला नसतो, म्हणाल्या, हाताला निरोप पाठवणारी जागा दुखावलेली असते. वर्षानुवर्षं निरोप पोचत नाही, मग मेंदू म्हणतो, जाऊ दे, त्या हाताचा नादच सोडा, दुसरा आहे की. पण मेंदूचा एक भाबडेपणा आहे, त्याचा डोळ्यांवर फार विश्वास. जुन्या काळी दोन हातांच्या मधोमध साधा आरसा उभा करायचे. लुळा हात आरशाच्या मागे दडवायचा आणि चांगला हात हलवत आरशात बघायचं. आरशात दिसतं ते चांगल्याच हाताचं प्रतिबिंब, पण मेंदूला वाटतं, अरे, दुसराही हलतोय. आणि मग तो दबकत दबकत खऱ्या दुसऱ्या हाताला निरोप धाडायला लागतो. काही मुलांना त्यानं फरक पडतो, काहींना थोडा, काहींना नाही.

हा नवा आरसा त्याचाच शहाणा नातू होता. उभा, माणसाएवढा, आत कॅमेरा. त्यात अख्खी कस्तुरी दिसायची, पण उजवा हात डाव्या हाताची नक्कल करायचा. डाव्या हातानं केस मागे सारले की काचेतली पोरगी दोन्ही हातांनी सारायची. आणि खुबी अशी, की दर आठवड्याला आरसा थोडं कमी खोटं बोलायचा. पहिल्यांदा सगळी नक्कल, मग थोडी नक्कल आणि थोडा खरा हात, असं करत नव्वद दिवसांनी निखळ खरं. नव्वद दिवस झाले की आरसा पुढच्या मुलाकडे. यादी लांब होती.

घरात जागा नव्हती, म्हणून आरसा सलूनमध्ये लागला, तिसऱ्या खुर्चीसमोर. गिऱ्हाइकांनी त्याचं नाव लबाड आरसा ठेवलं. कस्तुरीनं आतल्या पोरीचं नाव ठेवलं पलीकडची.

पहिल्या दिवशी पलीकडचीनं दोन्ही हात वर केले आणि विलासच्या हातातला कंगवा गिऱ्हाइकाच्या मांडीवर पडला. आठ वर्षांत त्यानं लेकीचे दोन्ही हात एकदम वर गेलेले पाहिले नव्हते. मग त्याला नादच लागला. गिऱ्हाइकाच्या कानामागे कात्री चालू आणि डोळे तिसऱ्या आरशात. एका मास्तरांचा एक कल्ला दुसऱ्यापेक्षा बोटभर वर गेला. विलास पलीकडचीशी गप्पा मारायला लागला. काय गं, आज गणित जमलं का, वेणी कुणी घातली. माणसांशी आरशातून बोलायची त्याची वीस वर्षांची सवय, त्यामुळे कुणाला वावगं वाटलं नाही. स्नेहलला वाटलं. ती एकदा डबा घेऊन आली, दोन मिनिटं दारात उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, पोरगी इकडं बसलीय." विलास म्हणाला, हो की, बघतोयच की. आणि पुन्हा काचेत बघितलं.

सहा आठवड्यांत थोडा फरक पडला. अंगठ्याचं टोक मुठीतून डोकावायला लागलं. पण तिकडे आरसा आपल्या नेमानं खोटं कमी करत होता. पलीकडचीचा उजवा हात आता निम्म्यावरच अडखळायचा. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की असं होणार, हेच व्हायला हवं. विलासला ते डोक्यानं पटलं होतं, पण डोळ्यांना बघवेना. आपली धडधाकट पोर दिवसागणिक लुळी पडतेय असंच त्याला वाटायला लागलं. कस्तुरीला नव्हतं वाटत तसं, ती आपली सराव करत होती. त्यालाच वाटलं.

मग एका मंगळवारी, सलून बंद असताना, त्यानं गुपचूप आरशाच्या सेटिंगमध्ये हात घातला. नक्कल पुन्हा पूर्ण करायची, एवढंच त्याच्या मनात होतं. आरशानं सगळं पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली. वय काय, उंची काय. मग समोर तोंड करून उभ्या असलेल्या एका मुलीचं चित्र आलं आणि खाली लिहिलेलं, अशक्त हाताला स्पर्श करा.

तुम्ही-आम्ही काय केलं असतं? मुलगी समोरून बघतेय, म्हणजे तिचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला. पण विलासच्या डोक्यात, काचेत दिसणाऱ्या माणसाचा उजवा हात उजवीकडेच असतो. वीस वर्षं तो त्याच हिशेबानं भांग पाडत आला होता. त्यानं बिनदिक्कत उजवीकडच्या हातावर बोट ठेवलं. आरशानं समजून घेतलं, बरं, ह्या मुलीचा डावा हात लुळा. उजवा चांगला. आता डाव्यानं उजव्याची नक्कल करायची.

दुसऱ्या दिवशी कस्तुरी शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि डाव्या हातानं पलीकडचीला टाटा केला. पलीकडचीनं केला नाही. तिचे दोन्ही हात छातीशी वाकलेले, दोन्ही मुठी बंद. कस्तुरीनं डावा हात हलवून हलवून दमवला, पण काचेतली पोरगी तशीच दगडासारखी बसून.

आपण काहीतरी मोडून ठेवलं, एवढं विलासला कळलं, पण काय ते कळेना, आणि परत बटणं दाबायची हिंमत होईना. डॉक्टरांना सांगावं, तर हात कशाला लावलात म्हणतील आणि आरसा घेऊन जातील. म्हणून त्यांचा फोन आला की तो म्हणायचा, गिऱ्हाईक बसलंय, मागून करतो. आणि तिसऱ्या आरशाकडे बघायचं त्यानं सोडूनच दिलं. मान त्या बाजूला वळायचीच नाही.

कस्तुरी दोन दिवस रुसली. मग तिच्या लक्षात आलं, की आपला उजवा हात जरा फुरफुरला की पलीकडचीचे दोन्ही हात फुरफुरतात. बाकी कशाला ती दाद देत नाही. झालं, पोरीला धंदा मिळाला. पलीकडची आजारी पडलीय आणि ती फक्त ह्याच हाताचं ऐकते, असं तिनं ठरवून टाकलं. डाव्या हाताला मांडीखाली दाबून बसायची आणि उजव्यानं पलीकडचीला शिकवायची. घे, बोट सोड. घाबरू नको, मी आहे ना. एवढं काय रडतेस, मला पण नव्हतं येत. उजव्या हातात फणी अडकवून केसांपर्यंत न्यायला तिला पाऊण तास लागायचा, तरी न्यायची, कारण पलीकडचीचे केस विंचरायचे राहिलेत. डॉक्टरांनी दिवसाला अर्धा तास सांगितला होता, ही अडीच अडीच तास बसायची. जो हात आपल्यासाठी हलवायला तिला आठ वर्षं कंटाळा होता, तो दुसरीसाठी हलवताना कंटाळा कुठल्या कुठे गेला. गिऱ्हाइकं दाढीचा फेस तोंडावर ठेवून बघत बसायची.

एकटा विलास बघत नव्हता. असे पाच आठवडे गेले. एकदा दुपारी सलूनमध्ये कुणी नव्हतं. कस्तुरीनं काचेतून त्याला विचारलं, "पप्पा, ती आजारी पडली म्हणून तुम्ही तिच्याकडे बघत नाही का?"

विलास म्हणाला, तसं नाही गं.

"मग माझ्याकडे पण म्हणूनच बघत नव्हता?"

तिनं हे काही तक्रार म्हणून विचारलं नाही. पाचाचा पाढा विचारावा तसं विचारलं. पण विलासनं हातातला कंगवा खाली ठेवला. आठ वर्षं त्यानं ह्या पोरीला तेल लावलं होतं, दवाखान्यांच्या पायऱ्यांवरून खांद्यावर नेलं होतं, तिच्यासाठी काय केलं नव्हतं. आणि तरी त्या हाताकडे बघायची वेळ आली की त्याची नजर सरकून तोंडावर जायची. हे त्याला माहीत नव्हतं. पोरीला माहीत होतं.

तो खुर्चीच्या पुढे आला, काचेकडे पाठ केली आणि लेकीसमोर उकिडवा बसला. म्हणाला, दाखव. कस्तुरीनं उजवा हात पुढे केला. त्यानं तो दोन्ही हातांत घेतला आणि गिऱ्हाइकाचं डोकं न्याहाळावं तसा न्याहाळला. अंगठा मुठीच्या बाहेर होता, अर्धामुर्धा नाही, अख्खा बाहेर. बोटं उघडायची, थरथरायची, मिटायची, पुन्हा उघडायची. हे कधी झालं, त्यानं विचारलं. कस्तुरी म्हणाली, तुम्ही दाढ्या करत होता तेव्हा.

त्या संध्याकाळी विलासनं स्वतः डॉक्टरांना फोन केला आणि सगळं कबूल केलं.

डॉक्टर मुजावर दुसऱ्या दिवशी आल्या त्या तणतणतच. त्यांनी आरशाचं सेटिंग उघडलं, ते चित्र बघितलं, विलासला विचारलं बोट कुठे ठेवलंत. त्यानं दाखवलं. का, म्हणाल्या. त्यानं आरशातल्या भांगाचं समजावलं. त्या इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. मग गंभीर झाल्या आणि चांगलं खडसावलं. दुसरं एखादं पोर असतं तर त्यानं दोन दिवसांत हिरमुसून आरशाकडे पाठ केली असती, तुम्ही नशिबानं वाचलात, म्हणाल्या. मग कस्तुरीसमोर ठोकळे मांडले, चेंडू दिला, मोजमापं घेतली. पुन्हा एकदा घेतली.

"हे मी कुणाला सुचवणार नाही," शेवटी म्हणाल्या, "आणि एका पोरीवरून काही सिद्धही होत नाही. पण आता सेटिंगला हात लावू नका. मीही लावत नाही."

विलासनं हळूच जावळाचं विचारलं. दहा दिवसांवर होतं. डोकं धरू शकेल का ही? डॉक्टर म्हणाल्या, हात उघडेल, पण मध्येच ताठेल, कधी ताठेल ते मी सांगू शकत नाही. ताठला की मिटेल. वस्तरा तुमच्या हातात आहे, तुम्ही ठरवा.

आरसा गेला नव्वदाव्या दिवशी, तासगावच्या कुणा मुलाकडे. कस्तुरीनं पलीकडचीला डोळ्यांतून पाणी न काढता निरोप दिला. तिला आता बरं वाटतंय, म्हणाली, आणि त्या मुलाला आधीच सांगून ठेवा, ती लाडीगोडीनं ऐकते, ओरडलं की बसून राहते.

जावळाच्या दिवशी घर माणसांनी भरलं. पाट मांडला, मामा संदीप फलटणहून नवा सदरा घालून आला आणि बाळाला मांडीवर घेऊन बसला. स्नेहल पदर पसरून बाजूला बसली, केस झेलायला. विलासनं वस्तऱ्याला नवीन पातं लावलं. कस्तुरी कुणी न बोलावता मामासमोर येऊन गुडघ्यांवर बसली, दोन्ही बाह्या वर सारून.

सगळे एकदम बोलायला लागले. कुणी म्हणालं, कस्तु, तू केसांवर फूल ठेव हं. कुणी म्हणालं, नुसता हात लावू दे शेवटी, शास्त्रापुरता. संदीप म्हणाला, "दाजी, डोकं मी धरतो, तिला बाळाचा पाय धरू दे. खेळ नाय हा, पातं आहे." त्याचं काही चुकलं नव्हतं. स्नेहल विलासकडे बघत राहिली. तिनं पदराचे काठ दोन्ही मुठींत घट्ट धरले. दोन्ही लेकरं तिचीच.

कस्तुरीनं कुणाकडे बघितलं नाही. विलासकडे बघितलं.

विलासनं त्या हाताकडे बघितलं. दहा दिवस तो तेच करत होता. जेवताना, दप्तर भरताना, वेणी घालताना, त्या हातावरून त्यानं नजर काढली नव्हती. आणि त्याला एक गोष्ट सापडली होती, जी डॉक्टरांच्या मोजमापात नव्हती. हात ताठायच्या आधी करंगळी हलते. अगदी जराशी, जशी गिऱ्हाइकाला शिंक यायच्या आधी नाकपुडी हलते. शिंक ओळखून वस्तरा उचलणं हे विलासला वीस वर्षं येत होतं.

"संदीपराव, तुम्ही मांडी सांभाळा," तो म्हणाला. "कस्तु, धर."

तिनं धरलं. डावा तळवा एका कानावर, उजवा दुसऱ्या. उजवा जरा वाकडा बसला, तिनं हलवून नीट केला. विलासनं पाणी लावलं आणि कपाळावरून पहिली पट्टी ओढली. काळंभोर जावळ स्नेहलच्या पदरात पडलं. दुसरी पट्टी. तिसरीला करंगळी हलली. विलासनं वस्तरा वर उचलला. हात ताठला, बोटं आकडली. संदीपनं पटकन हात पुढे केला, विलासनं डोळ्यानंच त्याला थांबवलं. कस्तुरी हाताशी हळूच बोलली, घाबरू नको, मी आहे ना. सगळे थांबले. आकडलेली बोटं एकेक करून सुटली आणि पुन्हा कानावर जाऊन बसली. विलासनं चौथी पट्टी ओढली.

असं किती वेळा झालं म्हणता? सतरा. दर वेळी करंगळी, दर वेळी वस्तरा वर, दर वेळी सगळं घर श्वास धरून बसलेलं. दहा मिनिटांचं काम दीड तास चाललं. पुरणपोळ्या गार झाल्या, भटजींना दुसरीकडे जायचं होतं ते गेले नाहीत, आणि कुणी घड्याळाकडे बघितलं नाही. बाळ तर त्या दोन तळव्यांत इतकं निवांत झालं, की निम्म्यावर झोपून गेलं. डोकं नारळासारखं गुळगुळीत झालं, टाळूवर एक ओरखडा नाही. विलासनं वस्तरा मिटला. तरी कस्तुरीनं हात काढले नाहीत.

आता माझ्या तोंडाकडे असं बघू नका. बरं, एक सांगून टाकते, नाहीतर कवळीचा भरवसा नाही. बाळ झोपलं वगैरे काही नव्हतं. ते मी घातलं, गोड वाटतं म्हणून. बाळ पहिल्या पट्टीपासून शेवटच्या पट्टीपर्यंत असं काही किंचाळलं, की ओगलेवाडीच्या रेल्वे स्टेशनातली माणसं बाहेर आली. लाथा झाडल्या, मामाच्या नव्या सदऱ्यावर शू केली, आणि मान तर अशी फिरवत होतं की मासळीनं लाजावं. झोपलेल्या पोराचं डोकं काय, कुणीही धरेल. कस्तुरीनं हे किंचाळणारं धरलं होतं.